मालन आजीच्या मळ्यातून

मालनबाईला फ्रॉड हा शब्द कळत नव्हता, असं कोणी समजू नये. मातोरीसारख्या गावात, नाशिक शहर हाकेच्या अंतरावर असताना, हा शब्द कोणाला चुकलाय? मुलगा महेश सातपूरला कंपनीत कामाला. त्यानं आईला मोबाइल घेऊन दिला त्याच दिवशी पहिला धडा दिला होता, "आई, नंबर ओळखीचा नसला तर उचलायचा नाय. फ्रॉड असतो." तेव्हापासून मालनबाईच्या लेखी फ्रॉड म्हणजे फोनमधला तो गोड बोलणारा हिंदी माणूस. त्याला गाव नाही, आडनाव नाही, तोंड नाही. एकदा त्यानं तिला सांगितलं, बिल भरलं नाही, आज तुमची लाइट कापणार. "काप बाबा," मालनबाई म्हणाली, "फक्त लाइट असंल तवा काप." आणि फोन ठेवून ती वांगी तोडायला गेली.

तर शब्द तिला चांगला ठाऊक होता. म्हणूनच तो तिच्या स्वतःच्या फोटोखाली येऊन बसला तेव्हा इतका लागला. फोटो कसला, तर डोक्यावर पदर घेऊन हसणारी मालनबाई, हातात मेथीची जुडी. त्यावर लाल फुली. खाली लिहिलेलं, की या बाईनं आमच्याशी फ्रॉड केला आहे. गंगापूर रोडवरच्या एका टोलेजंग सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो पडला आणि चहा गार व्हायच्या आत घराघरात पोचला. ज्या बाईनं उभा जन्म उन्हातान्हात, लोकांच्या नजरेसमोर बसून काढला, तिला तोंड नसलेल्या माणसाच्या रांगेत नेऊन उभं केलं. संताप येणार नाही तर काय होईल?

मालनबाईचं माहेर देवळ्याकडचं, कांद्याचं. लग्न होऊन मातोरीला आली तेव्हा तिला भाजीपाल्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तिची बोली ऐकून सासरचे हसत. इथल्या बायकांमध्ये राहून ती इथल्यासारखी बोलायला लागली. राग आला की मात्र माहेरची अहिराणी आपोआप तोंडात येई, म्हणून घरातली पोरंटोरं तिचा राग भाषेवरून ओळखत. नवरा बहिरू मुका नव्हता, पण बोलायचा मुक्याइतकंच. त्यानं पिकवायचं आणि हिनं विकायचं, अशी वाटणी झाली आणि ती दोघांनाही मानवली.

गंगापूर रोडला ती पहिल्यांदा पाटी घेऊन आली तेव्हा तिथे मोजके बंगले होते आणि मधूनमधून द्राक्षाचे मळे. एका बंगल्याच्या कुंपणाला टेकून ती बसायची. पुढे मळे गेले, बंगले गेले, इमारती आल्या, फाटकं आली, वॉचमन आले. मालनबाई तिथेच. सोसायटीवाल्यांनी फाटकाशेजारी बदामाचं झाड लावलं, ते मोठं झालं, त्याची सावली पडायला लागली, तेव्हा कोणीतरी तिला म्हणालं, "मावशी, बरी सावलीची जागा पकडलीत." मालनबाई हसली. झाडाच्या आधीची होती ती.

तिची मेथीची जुडी केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीनं, बांधलेली असे. सुतळी नाही, रबर नाही. गायधनी काकू, सोसायटीतलं तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, रोज त्या जुडीशी भांडायच्या. "मालनबाई, तुमची जुडी दिवसेंदिवस बारीक व्हायला लागलीय." "काकू, जुडी तीच हाय, तुमच्या घरात माणसं वाढली." हे भांडण दोघींना सकाळच्या चहाइतकं लागत असे. काकू गावाला गेल्या की मालनबाईला करमत नसे, आणि मालनबाई दोन दिवस आली नाही की काकू वॉचमनला तिची चौकशी करायला लावत.

अशा या बाईच्या आयुष्यात निकिता आली. त्याच सोसायटीतली, पुण्यातली नोकरी सोडून आलेली, हुशार, मनानं वाईट म्हणता येणार नाही अशी पोरगी. ती बदामाखाली बसून मालनबाईशी गप्पा मारायची, तिला आजी म्हणायची. एक दिवस म्हणाली, "आजी, तुमच्या मळ्यातल्या काही वाफ्यांवर औषध मारायचं नाही, रासायनिक खत घालायचं नाही. ती भाजी आपण कागदी पिशवीत भरून विकू. लोकांना हवीय तशी भाजी." मालनबाईला त्यात वावगं काही दिसलं नाही. बहिरूच्या बापाच्या काळात कुठे होतं औषध? तिनं विहिरीकडचे वाफे वेगळे काढले आणि शब्दाप्रमाणे त्यांच्यावर फवारा फिरकू दिला नाही. किडीनं अर्धा पाला खाल्ला तरी नाही. सून शुभांगी म्हणाली, "आत्या, आपण किडीला जेवण घालतोय." तर मालनबाई म्हणाली, "घालू. बोलून बसलेय मी."

पिशव्या छापून आल्या. वर तिचा हसरा फोटो आणि खाली, 'मालन आजीच्या मळ्यातून'. फोटो काढताना निकितानं तिला विचारलं होतं, हे खरं. मालनबाईनं पदर सारखा केला होता, दात पडलेली बाजू झाकून हसली होती. पहिली पिशवी तिनं घरी नेली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली. गेलेल्या बहिरूचा फोटो एका बाजूला आणि ही पिशवी दुसऱ्या बाजूला. निकिताचा नवरा हर्षल हिशेबाचं आणि जाहिरातीचं बघायचा. तो मालनबाईशी फारसा बोलत नसे, पण ग्रुपवर तिच्याबद्दल पुष्कळ लिहीत असे.

मग गेणू गेला.

गेणू म्हणजे लंकाबाईचा नवरा. लंकाबाईचं घर मालनबाईच्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता. गेणू सकाळी बरा होता, आदल्याच आठवड्यात त्यानं मेथीवर फवारा मारला होता, दुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपला. मेथी काढणीला आलेली.

आता इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. या गावातल्या भाजीवाल्या बायकांमध्ये घरात माणूस गेलं की तेरावं होईपर्यंत त्या घरची बाई बाजाराला जात नाही. भाऊबंदही सुतकात, म्हणून त्यांच्याही पाट्या घरी. पण भाजीला सुतक कुठं कळतं? मेथी दोन दिवस राहिली तर फुलावर येते आणि गुरांनाच घालावी लागते. म्हणून वेगळ्या आडनावाच्या घरातली बाई न सांगता पुढे होते आणि ती पाटी उचलते. तिनं आधी सुतकाची पाटी विकायची, आपली मागून. आणि ती भाजी कोणाची, हे बाजारात चकार शब्दानं बोलायचं नाही, कारण बोललं तर घेणार कोण? सुतकाच्या घरचं कोण शिजवणार? आपलीच म्हणून विकायची, आलेले पैसे त्या घरात गुपचूप ठेवून यायचं, आणि त्याबद्दल पुन्हा कधी विषय काढायचा नाही. बहिरू गेला तेव्हा मालनबाईची वांग्याची पाटी लंकाबाईनंच उचलली होती. स्वतःचं अंगावरचं पोर घरी ठेवून. हे मालनबाई विसरणार होती काय?

तर ती पहाटे लंकाबाईच्या वावरात गेली आणि मेथी उपटली. लंकाबाईच्या घरी जुड्या जुन्या साडीच्या काठांनी बांधायची सवय, त्या चिंध्या खोपटात तयार ठेवलेल्या होत्या, त्यांनीच तिनं जुड्या बांधल्या. मेथी विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतली. औषध मारलेलं आहे, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय होईल. पण आधी सुतकाची पाटी. गंगापूर रोडला पोचल्यावर गिऱ्हाइकं पिशवीतलीच मेथी मागायला लागली, सुट्या जुडीला कोणी हात लावेना. पिशवीवर मालनबाईचं तोंड होतं ना, त्याची सवय झाली होती सगळ्यांना. मालनबाई क्षणभर थांबली. आणि तिनं लंकाबाईची मेथी पिशव्यांत भरली. तिची स्वतःची, न फवारलेली मेथी त्या दिवशी वाफ्यात तशीच उभी होती. ती पुढे फुलावर आली आणि गुरांनी खाल्ली.

गायधनी काकूंनी संध्याकाळी मेथी निवडायला घेतली तर औषधाचा वास. काकूंनी ग्रुपवर साधा प्रश्न विचारला, आजच्या मेथीला वास येतोय, अजून कोणाला आला का? त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्यावर हर्षलनं अर्ध्या तासात तो लाल फुलीचा फोटो टाकला. चिंधीनं बांधलेल्या जुडीचा फोटोही शेजारी, पुरावा म्हणून. आम्ही या महिलेवर विश्वास ठेवला, तिनं आमच्याशी आणि तुम्हा सर्वांशी फ्रॉड केला. मग काय, सगळे तुटून पडले. कोणी म्हणालं, हे भाजीवाले असेच. कोणी म्हणालं, मला आधीपासून शंका होती. ज्यांना मेथी आणि शेपू शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत, त्यांनाही आधीपासून शंका होती.

दुसऱ्या दिवशी मालनबाई फाटकाशी आली तेव्हा वॉचमन गोरक्ष तिची वाटच बघत होता. गोरक्ष कळवणकडचा, म्हणजे तिच्या माहेरच्या बाजूचा, तिला गाववाली मानायचा, दुपारच्या भाकरीबरोबर तिच्याकडून मुळा मागून घ्यायचा. तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आज नका बसू. ग्रुपवर आलंय."

"काय आलंय रं?"

गोरक्षनं फोन पुढे केला. मालनबाईला लिहिलेलं अक्षर लावून लावून वाचता येत असे. पण ते वाचायची गरजच पडली नाही, फुली दिसली. "काय म्हणत्यात हे?"

"फ्रॉड म्हणत्यात."

"मला?"

गोरक्षनं फोन खिशात घातला. त्याला नोकरी होती. मालनबाईनं पाटी उचलली. तिचा चेहरा तापला होता, कानाच्या पाळ्या जळत होत्या, आणि गायधनी काकूंच्या गॅलरीकडे बघायची तिची छाती झाली नाही. चोर म्हणाले असते तर तिनं तिथेच पदर खोचला असता. चोर म्हटलं की भांडता येतं, काय चोरलं ते दाखव म्हणता येतं. हा शब्द असा, की त्याला कुठे धरावं तेच कळेना.

घरी महेश चिडलेला. "आई, सांगून टाक ना एकदाचं, मेथी लंकामावशीची व्हती म्हणून. माझ्या कंपनीतल्या पोरांकडं पण आलाय तो फोटो."

"तेरावं होऊ दे."

"तवर लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. त्या घरात अजून पिठलं शिजलं नाय, आन मी तिचं नाव चव्हाट्यावर मांडू?"

महेश पाय आपटत गेला. शुभांगी मात्र उठली आणि लंकाबाईच्या वावरात उरलेली मेथी उपटायला गेली. ती पाटी आता गंगापूर रोडला जाणार नव्हती, दुसऱ्या बाजाराला पडेल भावात जाणार होती. पण जाणार होती. आधी तीच.

दोन दिवसांनी हर्षल आणि निकिता गाडी घेऊन मातोरीला आले. समोरच्या अंगणात सतरंजीवर माणसं बसलेली, लंकाबाई दाराआड. मालनबाईनं दोघांना आवाज न करता मळ्याकडे नेलं. हर्षलनं सुरुवात केली ती अशी, की जणू शाळा तपासायला आला आहे.

"आजी, तुम्हाला फ्रॉडचा अर्थ कळतो का?"

मालनबाईनं वाकून पायाजवळचं तण उपटलं.

"जे नाही ते आहे असं भासवायचं, समोरच्यानं विश्वास ठेवून पैसे द्यायचे, याला फ्रॉड म्हणतात. पिशवीवर लिहिलंय मालन आजीच्या मळ्यातून. आत मेथी दुसऱ्याच कोणाची. मग हा फ्रॉडच झाला ना?"

व्याख्या चांगली होती. शाळेत शिकवावी अशी. फक्त ती सांगताना गाडीची डिकी उघडी ठेवू नये. निकितानं पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली होती आणि आत त्याच कागदी पिशव्यांचे क्रेट होते, भरलेले. प्रत्येक पिशवीवर मालनबाई हसत होती. एका पिशवीतून पालकाची पानं बाहेर आली होती.

"ह्यो पालक कुठला, निकिताताई?"

निकिता हर्षलकडे बघायला लागली.

"माझ्या मळ्यात पालक नाय. तुम्ही बघताय की समोर."

"ते सोर्सिंग आहे आजी," हर्षल म्हणाला. "दुसऱ्या सोसायट्यांची डिमांड जास्त येते, तेव्हा मार्केट यार्डातून थोडं ॲडजस्ट करावं लागतं. धंद्यात चालतं ते."

बघा आता. मालनबाईनं एका मयताच्या घरासाठी मेथी बदलली तर फ्रॉड. यांनी रोज उठून यार्डातला फवारलेला पालक तिचं तोंड लावून विकला तर सोर्सिंग. यांच्याकडे आपल्या करणीसाठी गुळगुळीत शब्दांचा डबाच भरलेला असतो, लागेल तो काढतात. फ्रॉड हा शब्द मात्र त्या डब्यात नाही. तो दुसऱ्याला मारायला वेगळा ठेवलेला असतो. आणि इंग्रजी असल्यामुळे तो मारणाऱ्याचा हात विटाळत नाही. "ही बाई लबाड आहे" असं तोंड वर करून म्हणायला छाती लागते. "फ्रॉड आहे" म्हणायला बोट पुरतं.

"मग ह्याला फ्रॉड न्हाई म्हणत?" मालनबाईनं विचारलं.

"तो वेगळा विषय आहे," हर्षल म्हणाला. मग जरा मऊ होऊन, "हे बघा, आम्हाला तुमचं वाईट करायचं नाही. मेथी कोणाची होती तेवढं नाव सांगा. ग्रुपवरून तुमचा फोटो हटवतो आणि त्या शेतकऱ्याचं नाव टाकतो. लोकांना फक्त कोणीतरी जबाबदार हवा असतो."

मालनबाईनं समोर पाहिलं. मळ्यातून लंकाबाईच्या घराचं छप्पर दिसत होतं. नाव सांगायला वेळ लागला नसता. चार अक्षरं, आणि तिची जागा परत, बदामाची सावली परत, काकूंचं भांडण परत. महेशची मान वर. तिला हे सगळं हवं होतं.

"माझ्या पाटीत व्हती," ती म्हणाली, "म्हंजी माझीच व्हती. औषधाची व्हती, ती पिशवीत भरायला नको व्हती. माझं चुकलं. ते लिहा खुशाल."

"पण मग आम्हाला पोस्ट ठेवावी लागेल."

तेव्हा मालनबाईचा बांध फुटला. ती पुढे झाली आणि तिनं डिकीतली वरची पिशवी उचलून हर्षलच्या डोळ्यांसमोर धरली. "हाई मन्हं तोंड शे!" ती ओरडली, आणि तिच्या आवाजानं मळ्यातल्या साळुंक्या उडाल्या. "मन्हं! याच्यावर फुली मारतोस आन याच्यावरच पालक विकतोस? काढ माझं तोंड समद्या पिशव्यांवरून. आजच्या आज काढ!"

लंकाबाईच्या अंगणातली माणसं उठून उभी राहिली. हर्षल घाईघाईनं म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे. फोटो काढतो. नवीन पिशव्या करू." निकिता गाडीत बसताना रडत होती, असं शुभांगी सांगते. असेल. पण रडून ती गाडीतच बसली.

तेरावं झालं. त्या दिवशी रात्रीची भांडी व्हायच्या आत लंकाबाई रस्ता ओलांडून आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मालनबाई अहिराणीत ओरडली होती, ते दाराआडून ऐकू गेलं होतं आणि बाकीचं तिनं महेशकडून काढून घेतलं. ती उंबऱ्यात बसली आणि एवढंच म्हणाली, "उद्या मी पण येती."

सोसायटीचं फाटक आता मालनबाईला बंद होतं. पण रस्ता काही सोसायटीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी समोरच्या फुटपाथवर, बदामाच्या बरोबर समोर, दोघी शेजारी शेजारी पाट्या मांडून बसल्या. उन्हात. मेथी मागून पेरलेल्या वाफ्यांतली, एक जुडी सोपटाची, एक चिंधीची. कोणीही बघावं आणि ओळखावं. गिऱ्हाइकं पलीकडूनच बघत होती आणि मान वळवून आत जात होती. गोरक्ष फाटकात उभा राहून उगाच शिट्टी पुसत होता.

उन्हं चढल्यावर गायधनी काकू रस्ता ओलांडून आल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्या पाट्यांपुढे उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर चिंधीच्या जुडीवर गेली.

"ही तीच," काकू म्हणाल्या.

"ती मेथी माझी व्हती, काकू," लंकाबाई म्हणाली. "माझे मालक वारले त्या आठवड्यात. माझी पाटी हिनं उचलली."

काकूंनी मालनबाईकडे पाहिलं. डोळे पाणावले होते, पण आवाजात राग होता. "मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत? इतकी वर्षं ओळखते मी तुम्हाला. एवढं बोलून घेतलंत लोकांचं!"

"तुम्ही घेतली असती, काकू? सुतकाच्या घरची?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "नसती घेतली." खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. त्या खाली टेकल्या, थेट फुटपाथवर, गुडघ्यांची तक्रार न ऐकता.

त्यांनी हातातली पिशवी शेजारी ठेवली तेव्हा लंकाबाईचं लक्ष गेलं. कागदी पिशवी, नवी कोरी. खाली तीच अक्षरं, मालन आजीच्या मळ्यातून. वर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी हसत होती. पण ती मालनबाई नव्हती. दात सगळे शाबूत, कपाळाला कुंकू केवढं, आणि सुरकुत्यासुद्धा नेटक्या.

"ही कोण गं?" लंकाबाई म्हणाली.

काकूंनी चष्मा सारखा केला. "अगोबाई! ही तुम्ही नव्हेच. आता भाजी तपासून आणतो म्हणून हर्षलनं सांगितलं, चार दिवस झाले घेतेय मी, माझ्या लक्षातच आलं नाही."

सोसायटीत इतकी घरं. एवढ्या पिशव्या घरोघरी गेल्या. मालनबाईच्या मेथीचा वास सगळ्यांना आला, पण पिशवीवरची बाई बदलली ते एकालाही दिसलं नाही. फ्रॉड फ्रॉड म्हणून ओरडणाऱ्यांपैकी एकालाही नाही.

गोरक्ष रस्ता ओलांडून आला आणि त्यानं पिशवी हातात घेऊन निरखली. "मावशी, ही बाई नसतीच कुठं. आता कंपुटरला सांगितलं की तो काढून देतो अशी म्हातारी."

मालनबाईनं पिशवी मांडीवर घेतली. त्या म्हातारीच्या गालावरून बोट फिरवलं, खरी आहे की काय ते बघितल्यासारखं. तोंड काढ म्हणाली होती ती. त्यांनी तोंड काढलं. नाव ठेवून घेतलं. उद्या या पिशवीतला पालक किडका निघाला, तर फुली या बाईवर मारता येणार नव्हती, ती कुठे नव्हतीच. शिव्या नावाला पडणार, आणि नाव तिचं.

काकूंनी फोन काढला. "आत्ताच्या आत्ता लिहिते ग्रुपवर. हा फ्रॉड आहे, असंच लिहिते."

"नको," मालनबाई म्हणाली. "तो शब्द नको. त्यो त्यांचा."

"मग काय लिहू?"

मालनबाईनं जरा विचार केला. पिशवीची घडी घातली आणि पाटीखाली सारली.

"लिहा, की खरी मालनबाई समोरच्या फुटपाथवर बसती. शेजारी लंकाबाई बसती, तिच्या मेथीवर औषध मारलेलं हाय, माझ्या मेथीवर नाय. दोघींच्या जुड्या येगळ्या बांधल्यात. आन ज्याला मला काय म्हणायचं असंल, त्यानं खाली उतरावं, रस्ता वलांडावा, आन माझ्या तोंडावर म्हणावं."

काकूंनी शब्दन् शब्द तसाच लिहिला आणि पाठवला. मग दोन जुड्या घेतल्या, एक सोपटाची आणि एक चिंधीची, आणि दोन्ही बारीक आहेत म्हणून भांडल्या.

थंडी सरली, मेथी संपली, आता गवारीचे दिवस आलेत. मालनबाई अजून तिथेच बसते. भाजी घ्यायला माणसं येतात, पहिल्याइतकी नाहीत, पण येतात. तोंडावर म्हणायला मात्र अजून कोणी रस्ता ओलांडलेला नाही.